बिल्ड फुटलं की लॉगच्या तळाशी थांबू नका

पहिल्यांदा सोर्समधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ कोडमधून, पॅकेज बांधायला घेतलं, अर्धा तास पडद्यावरून अक्षरांचा पूर वाहिला आणि शेवटी ‘एरर कोड १’ एवढं म्हणून सगळं थांबलं, की नवा माणूस ठरलेलं एक काम करतो. ती शेवटची ओळ उचलतो आणि सर्च इंजिनात टाकतो. उत्तरं ढिगाने येतात, त्यातलं एकही त्याच्या कामाचं नसतं. कारण ती ओळ बिल्डची कामं वाटून देणाऱ्या ‘मेक’ नावाच्या मुकादमाची असते. ‘माझ्या हाताखालच्या कुणीतरी काम अर्धवट टाकलं, म्हणून मी थांबलो’ एवढंच तो सांगतो. कुणी टाकलं आणि का, ते वर कुठेतरी लिहिलेलं असतं. कधी वीस ओळी वर, कधी दोन हजार.

त्या ‘वर कुठेतरी’पर्यंत कसं पोचायचं, ते इथे सांगतो. उदाहरणं बरीचशी फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमच्या पोर्ट्समधली (सोर्समधून पॅकेजं बांधण्याच्या कृतींचा संग्रह; एक कृती म्हणजे एक पोर्ट) आहेत, कारण माझं डोकं सर्वांत जास्त वेळा तिथेच फिरलं आहे; पण नेटबीएसडीचं पीकेजीसोर्स असो, डेबियन असो की आर्च, दुखणी फारशी बदलत नाहीत. कमांड आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलवर ते अर्थातच रोमनमध्ये टंकायचे.

पायरी १: सगळं बोलणं नोंदवून घ्या

टर्मिनल वर सरकवून वाचू, या भरवशावर राहू नका. मोठ्या पॅकेजचा लॉग हजारो ओळींचा होतो आणि टर्मिनल जुन्या ओळी विसरतं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ‘स्क्रिप्ट’ ही जुनी कमांड. ‘स्क्रिप्ट बिल्ड.लॉग’ म्हणायचं, बिल्ड चालवायचं, संपलं की ‘एक्झिट’. मधलं सगळं त्या फाइलीत उतरतं. बरेच जण पाइप लावून ‘टी’ वापरतात, ती आउटपुट पडद्यावरही दाखवते आणि फाइलीतही लिहिते. तेही चालतं, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. एररचा प्रवाह साध्या आउटपुटपेक्षा वेगळा असतो. तो आउटपुटमध्ये वळवला नाही तर फाइलीत नेमकं हवं तेच नसतं. आणि पाइपच्या शेवटी शेल जो निकाल कळवतं तो ‘टी’चा असतो, ‘मेक’चा नव्हे. म्हणजे बिल्ड फुटूनही निकाल शून्य, सगळं छान!

सिस्टिमची भाषा इंग्रजी सोडून दुसरी ठेवली असेल तर बिल्डपुरतं ‘एलसी ऑल’ हे चल (व्हेरिएबल) ‘सी’ करा. इथे मातृभाषेचा आग्रह नको. संदेश मूळ इंग्रजीत असला तरच तो शोधल्यावर सापडतो आणि ज्याला मदत मागाल त्याला वाचता येतो.

पायरी २: एकाच कामगाराला पुन्हा पाठवा

आजकाल बिल्ड एकाच वेळी चार, आठ, सोळा कामं चालवतं. एक काम पडलं तरी हातातली बाकीची कामं पूर्ण होईपर्यंत त्यांचं आउटपुट येतच राहतं, आणि खरी एरर त्या गर्दीत वर ढकलली जाते. म्हणून फुटलेलं बिल्ड पुन्हा चालवताना ‘-जे १’ द्या. फ्रीबीएसडी पोर्ट्समध्ये त्यासाठी ‘मेक जॉब्स अनसेफ’ हे चल ‘येस’ करतात. मेकऐवजी निंजा वापरणाऱ्या पॅकेजांत हा त्रास कमी, कारण निंजा प्रत्येक कामाचं आउटपुट साठवून एकत्र छापतो आणि पडलेल्या कामाच्या डोक्यावर ‘फेल्ड’ असा ठसा मारतो.

एकच काम ठेवल्यावर बिल्ड व्यवस्थित पार पडलं तर? मेकफाइलमध्ये (मेकला दिलेल्या कामांच्या यादीत) कुठलं काम कुणाच्या आधी व्हायला हवं ते नीट लिहिलेलं नाही, असा त्याचा बहुधा अर्थ. तुमचं काम झालं, पण ती चूक पॅकेज सांभाळणाऱ्याला जरूर कळवा.

पायरी ३: पहिली एरर शोधा, शेवटची नव्हे

आता लॉग एडिटरमध्ये उघडा आणि वरून खाली शोधत या. ‘एरर’ या शब्दापुढे विसर्गासारखे दोन टिंब असलेली जोडी शोधा. नुसता ‘एरर’ शोधलात तर ‘-डब्ल्यू-एरर’सारखे फ्लॅग, ‘स्ट्र-एरर’सारखी फंक्शनं आणि एरर नावाच्या फाइली यांतच अडकाल. दुसरी खूण म्हणजे तीन तारे. जीएनयू मेक असो वा बीएसडी मेक, हार मानताना दोघंही ओळीत तीन तारे छापतात. वरून पहिले तीन तारे जिथे दिसतील, त्याच्या लगेच वरचा मजकूर वाचायचा.

पहिलीच का? कम्पायलरला एक हेडर (प्रकार आणि फंक्शनं यांची ओळख लिहिलेली फाइल) सापडला नाही की त्यातला प्रत्येक प्रकार आणि प्रत्येक फंक्शन त्याला अनोळखी होऊन बसतं. मग एका खऱ्या चुकीमागे डझनभर खोट्या चुका येतात. क्लँग हा कम्पायलर तर मुळात वीस एररनंतर स्वतःच कंटाळून ‘टू मेनी एरर्स’ म्हणतो. पहिली मिटवली की उरलेल्या बहुतेक आपोआप जातात. वॉर्निंग या टप्प्यावर सोडून द्या. चांगल्या चाललेल्या बिल्डमध्येही त्या शेकड्याने असतात.

पायरी ४: कुठल्या टप्प्यावर फुटलं?

पोर्ट बांधणं म्हणजे एक काम नाही, ओळीने सात-आठ कामं आहेत: सोर्स उतरवणं, तो ताडून पाहणं, उलगडणं, पॅच लावणं, कॉन्फिगर, प्रत्यक्ष बिल्ड, स्टेज (तयार फाइली एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये मांडणं), आणि शेवटी पॅकेज. प्रत्येक टप्पा सुरू होताना लॉगमध्ये बाणासारखी खूण आणि टप्प्याचं नाव छापलं जातं. एररच्या वरची सर्वांत जवळची अशी ओळ बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

*उतरवणं आणि ताडणं.* ‘चेकसम मिसमॅच’ आला तर उतरलेली फाइल आणि पोर्टच्या ‘डिस्टइन्फो’मध्ये नोंदलेला शा-२५६ (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) यांचा मेळ बसत नाही. नेहमीचं कारण अर्धवट डाउनलोड. दुसरं नेहमीचं कारण जरा गमतीचं: नेटवर्कने लॉगिनचं पान पुढे केलं आणि तेच तुमच्याकडे टारबॉलच्या (सोर्सच्या गठ्ठ्याच्या) नावाने सेव्ह झालं. ‘फाइल’ कमांड त्यावर चालवा. ती ‘एचटीएमएल डॉक्युमेंट’ म्हणाली की उलगडा झाला. डिस्टफाइल्समधून ती फाइल काढा, पुन्हा उतरवा. एक गोष्ट मात्र करू नका. ‘मेक मेकसम’ चालवून नोंदच नवी करून टाकली की एरर गायब होते, असा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेल. ती नोंद म्हणजे कुणी मधल्या मध्ये सोर्स बदलला नाही ना, हे पाहणारा एकमेव पहारेकरी आहे. त्यालाच घरी पाठवू नका.

*पॅच.* इथे फुटलं तर बहुतेक वेळा जुन्या प्रयत्नाचं उष्टं ‘वर्क’ फोल्डरमध्ये पडलेलं असतं किंवा पोर्ट्सचं झाड अर्धवट अपडेट झालेलं असतं. ‘मेक क्लीन’, झाड नीट अपडेट, पुन्हा प्रयत्न.

*कॉन्फिगर.* इथे जरा थांबू. ऑटोकॉन्फ या हत्याराने तयार केलेलं ‘कॉन्फिगर’ म्हणजे एक लांबलचक शेल स्क्रिप्ट. ‘अमुक हेडर आहे का’ हे पाहण्यासाठी ती एवढासा सी प्रोग्रॅम लिहिते, कम्पाइल करून बघते आणि ‘येस’ किंवा ‘नो’ छापते. पडद्यावर एवढंच दिसतं. तो प्रोग्रॅम, कम्पायलरला दिलेली नेमकी कमांड आणि कम्पायलरचं उत्तर हे सगळं ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये असतं. नवे लोक ही फाइल उघडतात, शेवटाला जातात आणि तिथे चलांच्या किमतींची भली मोठी यादी बघून फाइल बंद करतात. ती यादी ओलांडून वर जा. ‘कॅश व्हेरिएबल्स’ असा मथळा दिसेल, त्याच्या लगेच वर खरी हकिकत असते.

‘सी कम्पायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ हा संदेश पाहून कम्पायलर पुन्हा इन्स्टॉल करणारे मी खूप पाहिले आहेत. कम्पायलर सहसा धडधाकट असतो. तुमच्या ‘मेक.कॉन्फ’ या सेटिंगच्या फाइलीत कधीकाळी कॉपी करून टाकलेला एखादा फ्लॅग त्याला कळत नसतो, किंवा डिस्क भरलेली असते. त्याचाच भाऊ म्हणजे ‘कॅनॉट रन सी कम्पाइल्ड प्रोग्रॅम्स’: प्रोग्रॅम तयार झाला, पण चालला नाही. बिल्ड ज्या फाइल सिस्टिमवर चाललंय ती ‘नो-एक्झेक’ने (प्रोग्रॅम चालवायला मनाई करून) माउंट केली आहे का, ते आधी बघा.

ऑटोकॉन्फऐवजी सीमेक वापरणाऱ्या पॅकेजांत हीच माहिती ‘सीमेकफाइल्स’ फोल्डरमध्ये असते, आवृत्ती ३.२६ पासून ‘सीमेक-कॉन्फिगर-लॉग’ या यामल फाइलीत. तसंच तिसरं हत्यार मेसन, ते ‘मेसन-लॉग्ज’ फोल्डरमध्ये लिहितं. दोघंही आधीच्या तपासणीचे निकाल साठवून ठेवतात, म्हणून हरवलेली लायब्ररी इन्स्टॉल केल्यावर बिल्ड फोल्डर पूर्ण पुसून नव्याने सुरुवात करा. नाहीतर लायब्ररी समोर असूनही ‘सापडली नाही’ हेच ऐकत बसाल.

बिल्डच्या टप्प्यावरचे नेहमीचे पाहुणे

हेडर सापडत नाही: ‘फेटल एरर’, मग एक फाइलचं नाव, मग ‘फाइल नॉट फाउंड’. डेबियन आणि फेडोरा कुटुंबात लायब्ररी आणि तिचे हेडर वेगळ्या पॅकेजात असतात. एकीकडे नावाच्या शेवटी ‘डेव्ह’, दुसरीकडे ‘डेव्हल’. लायब्ररी आहे पण हेडर नाही, हा घोळ तिथला. डेबियनवर ‘ॲप्ट बिल्ड-डेप’ एका फटक्यात एखाद्या पॅकेजला बांधायला लागणारं सगळं आणून देतं, फक्त सोर्सच्या ओळी चालू असाव्या लागतात. फ्रीबीएसडीवर हेडर लायब्ररीसोबतच येतात, पण ते ‘यूएसआर लोकल इन्क्लूड’मध्ये जातात आणि मूळ सिस्टिमचा कम्पायलर तिथे आपणहून बघत नाही. पोर्ट वापरलंत तर ते वाट दाखवतं. हाताने टारबॉल बांधत असाल तर सीपीपीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्जमध्ये तो रस्ता तुम्हालाच सांगावा लागतो.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ किंवा ‘अनडिफाइन्ड सिंबॉल’: कम्पाइल झालं, पण जोडणी करताना लिंकरला फंक्शन सापडलं नाही. लायब्ररीचं नाव द्यायचं राहिलं असेल, किंवा हेडर एका आवृत्तीचा आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असेल. दुसरा प्रकार फसवा असतो, त्याकडे पुढे येतो.

‘शेअर्ड ऑब्जेक्ट नॉट फाउंड, रिक्वायर्ड बाय’ असा संदेश आला तर ‘रिक्वायर्ड बाय’च्या पुढचं नाव वाचा. बिल्डला लागणारं एखादं हत्यारच जुन्या लायब्ररीवर उभं होतं आणि ती लायब्ररी अपडेटमध्ये गेली. ‘पीकेजी विच’ला त्या हत्याराचा पूर्ण पत्ता द्या, ते कुठल्या पॅकेजचं ते कळेल, ते पॅकेज नव्याने बांधा. नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक (त्या फाइलीकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) जोडून वेळ मारून नेता येते, हे मला माहीत आहे, मीही नेली आहे. लायब्ररीचा क्रमांक बदलतो तो आतली मांडणी बदलली म्हणून. सिमलिंकने प्रोग्रॅम सुरू होतो आणि आठवड्याभराने भलत्याच जागी कोसळतो, तेव्हा सिमलिंकची आठवणही उरलेली नसते.

कालपर्यंत बांधलं जाणारं जुनं पॅकेज कम्पायलर बदलल्यावर फुटलं, तर संशय योग्य जागी घ्या. २०२० मध्ये जीसीसी या कम्पायलरच्या आवृत्ती १० ने एकच ग्लोबल चल दोन फाइलींत लिहिण्याची जुनी सवलत मुळात बंद केली. त्यातून ‘मल्टिपल डेफिनिशन’ उगवतं. आधी जाहीर न करता फंक्शन वापरणं ही सीमधली जुनी सवय, तिला २०२३ मध्ये क्लँग १६ ने आणि २०२४ मध्ये जीसीसी १४ ने सरळ एरर ठरवलं. पायथन ३.१२ मधून पॅकेजं बांधायला वापरलं जाणारं ‘डिस्टयूटिल्स’ गेलं. सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीच्या आवृत्तीशी सुसंगत राहणं सोडलं. या सगळ्यांत तुमच्या मशीनचा काहीही दोष नाही. पॅकेजची नवी आवृत्ती किंवा कुणीतरी आधीच केलेला पॅच शोधा. वॉर्निंगलाच एरर मानणारा ‘डब्ल्यू-एरर’ फ्लॅग आडवा आला असेल तर तो त्या एका पॅकेजपुरता काढा, सगळ्या सिस्टिमसाठी नको.

आणि मेकच चुकीचा असणं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मूळ मेक लिहिलं. त्याचे बीएसडी आणि जीएनयू हे दोन वंशज एकमेकांची बोली पूर्ण समजत नाहीत. बीएसडीवर ‘मेक’ म्हटलं आणि पहिल्या काही ओळींतच ‘नीड ॲन ऑपरेटर’ असं काही आलं, तर मेकफाइल जीएनयूसाठी लिहिलेली आहे. ‘जीमेक’ वापरून बघा. ‘मिसिंग सेपरेटर’ आलं तर बहुधा कुठूनतरी कॉपी करताना टॅबच्या जागी स्पेस आल्या आहेत. मेकला टॅबच लागतो.

‘किल्ड’: ज्यात एररच नसते

काही वेळा कम्पायलर काही तक्रारच करत नाही. ‘किल्ड’ किंवा ‘सिग्नल ९’ एवढंच दिसतं. याचा अर्थ कर्नलने त्याला मारलं, आणि कारण जवळजवळ नेहमी मेमरी.

एकदा चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर मी एलएलव्हीएम हा कम्पायलरचा अवाढव्य संच बांधत होतो. दर वेळी बिल्ड वेगळ्याच फाइलीवर पडायचं. मी कम्पायलर बदलला, पोर्ट्सचं झाड नव्याने उतरवलं, पर्याय एकेक बंद करून पाहिले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तिसऱ्या दिवशी सहज कर्नलचे संदेश दाखवणारं ‘डीमेसेज’ चालवलं, तर तिथे स्वॅपची जागा संपल्यामुळे मारलेल्या प्रोसेसची रांग लागलेली. कामं चारावरून एकावर आणली, रात्रभर चालू ठेवलं, सकाळी पॅकेज तयार.

त्यातून मला मिळालेली खूण अशी: दर वेळी त्याच ओळीवर फुटतं तेव्हा दोष कोडमध्ये किंवा सेटिंगमध्ये असतो, दर वेळी वेगळ्या जागी फुटतं तेव्हा मशीनकडे बघा. सी प्लस प्लसच्या मोठ्या पॅकेजांसाठी मी एका कामामागे दोन जीबी मेमरी धरतो. हा माझा ठोकताळा, नियम नव्हे. लिंकिंगच्या वेळी एकच प्रोसेस त्याहून कितीतरी जास्त खाऊ शकते. ‘वर्क’ फोल्डर टीएमपीएफएसवर (मेमरीतच राहणाऱ्या फाइल सिस्टिमवर) ठेवलं असेल तर तेही त्याच मेमरीतून खातं, हे विसरू नका. आणि वेगवेगळ्या जागी ‘सिग्नल ११’ किंवा ‘इंटर्नल कम्पायलर एरर’ येत असेल, पुन्हा चालवल्यावर पुढे सरकत असेल, तर रॅमची पट्टी तपासा. मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवायला काही बिघडत नाही.

डिस्कचंही तसंच. ‘डीएफ -एच’ने जागा दिसते, पण ‘डीएफ -आय’सुद्धा चालवा; जागा असून आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदी) संपले तरी ‘नो स्पेस लेफ्ट’ हाच संदेश येतो. घड्याळ चुकलं असेल तर मेक ‘क्लॉक स्क्यू’ म्हणून कुरकुरतो आणि कुठली फाइल नवी हे त्याला कळेनासं होतं. व्हर्च्युअल मशीन झोपेतून उठल्यावर हे हमखास.

पायरी ५: स्वच्छ खोलीत बांधून बघा

मघाचा फसवा प्रकार हा. तुमच्याकडे पॅकेजची जुनी आवृत्ती इन्स्टॉल आहे आणि तुम्ही नवी बांधताय. कम्पायलर हेडर शोधताना पॅकेजच्या स्वतःच्या फोल्डरआधी ‘यूएसआर लोकल’मध्ये डोकावला, तर जुना हेडर उचलतो. मग ‘असं फंक्शन नाही’, ‘इतके आर्ग्युमेंट नकोत’ असल्या एरर येतात, ज्या जगात दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. एरर संदेशातला हेडरचा पूर्ण पत्ता वाचा. तो ‘वर्क’ फोल्डरच्या बाहेरचा निघाला तर चोर सापडला. जुनी आवृत्ती काढून बांधली की होतं.

कायमचा उपाय म्हणजे मुळात रिकाम्या जागेत बांधणं. फ्रीबीएसडीवर पूड्रिएर प्रत्येक पॅकेज स्वतंत्र जेलमध्ये (बाकी सिस्टिमपासून तोडलेल्या खोलीत) बांधतो. डेबियनकडे एसबिल्ड, फेडोराकडे मॉक. सुरुवातीची मांडामांड कंटाळवाणी आहे, पण महिन्यातून दोनदा बिल्ड करत असाल तर ती लगेच वसूल होते. बिल्डच्या टप्प्यावर पूड्रिएर मुळात नेटवर्क बंद ठेवतो, हे आधी माहीत असू द्या. बिल्ड चालू असताना गुपचूप काहीतरी उतरवणारं पॅकेज तिथे उघडं पडतं.

फ्रीबीएसडीवाल्यांना आणखी एक. तयार पॅकेजं मुळात तिमाही शाखेतून येतात आणि गिटवरून आणलेलं पोर्ट्सचं झाड बहुधा मुख्य शाखेचं असतं. दोन्ही मिसळलं की आवृत्त्या जुळत नाहीत. एकच शाखा धरा. अपडेट करण्याआधी पोर्ट्समधली ‘अपडेटिंग’ फाइल वरून खाली वाचा, तुमच्या मागच्या अपडेटच्या तारखेपर्यंत. आणि जुने पर्याय आडवे येत असतील असं वाटलं तर ‘मेक आरएमकॉन्फिग’.

पॅकेजच्या टप्प्यावर स्टेजमध्ये एखादी फाइल नाही म्हणून ‘पीकेजी-स्टॅटिक’ तक्रार करत असेल, तर बहुतेक वेळा तुम्ही बदललेला एखादा पर्याय आणि पोर्टची फाइलयादी जुळत नसते. पर्याय मूळपदावर आणून बघा. झालं तर तो पोर्टमधलाच दोष.

मदत मागताना

पूर्ण लॉग जोडा, शेवटच्या दहा ओळींचा स्क्रीनशॉट नको. ‘यूनेम -ए’चं आउटपुट, पोर्ट्सच्या झाडाची तारीख किंवा कमिट, निवडलेले पर्याय, आणि ‘मेक.कॉन्फ’ जशीच्या तशी. शेवटची गोष्ट लोक लपवतात, आणि गुन्हेगार बहुतेकदा तिथेच असतो. स्वतः काय काय करून पाहिलं तेही लिहा, पण एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली असेल तरच त्या यादीला अर्थ आहे.

उत्तर तुम्हालाच सापडलं, समजा एका फाइलीत हेडरची एक ओळ घालायची होती, तर ‘वर्क’ फोल्डरमधली दुरुस्ती पुढच्या ‘मेक क्लीन’ला पुसली जाईल. मूळ फाइलीची ‘ऑरिग’ शेपूट लावलेली प्रत शेजारी ठेवा, दुरुस्ती करा आणि ‘मेक मेकपॅच’ चालवा. पोर्टच्या ‘फाइल्स’ फोल्डरमध्ये पॅच तयार होतो आणि पुढच्या प्रत्येक बिल्डमध्ये आपोआप लागतो. तीच फाइल बग रिपोर्टला जोडून पाठवा.